तिकीट काढून पाहिलेली चाळ

मुंबईतल्या आमच्या घोडपदेवात अमेरिकेला निघालेल्या माणसाला दोनच प्रश्न विचारतात. तिथं खाणार काय आणि बघणार काय? व्हिसा, विमान, थंडी, डॉलरचा भाव ही ज्याची त्याची डोकेदुखी. खाण्याबघण्याची काळजी मात्र सगळ्या वाडीची. मला पहिला प्रश्न गणपतीच्या मंडपात विचारला गेला आणि मी तोंड उघडायच्या आत विचारणाऱ्यानंच उत्तर देऊन टाकलं. "ब्रेड. दुसरं काय मिळणार?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही त्याच्यापाशी तयार होतं. "उंच बिल्डिंगी. त्या तर आता आपल्याकडंपण झाल्यात." आणि त्यानं मंडपाबाहेर येऊन हात वर करून त्या दाखवल्याही. बोलणं खोटं नव्हतं. जिथं गिरण्यांची धुराडी होती तिथं आता टॉवर आहेत, आणि मान तेवढीच वर करावी लागते.

खाण्याची तजवीज आमच्या हिनं केली. मेथकूट, भडंग, लालबागच्या चिवडा गल्लीतला चिवडा, गूळपोळ्या. सुके बोंबील अमेरिकेच्या कस्टमपर्यंत पोचलेच नाहीत, ते हिनंच घरात अडवले. म्हणाली, "कपड्यांना वास लागेल." तसे कपडे फारसे नव्हतेच. बॅगेतली बहुतेक जागा रसदीनं घेतली होती. पानिपतावर रसद कमी पडली, तो धडा मराठी माणूस आजतागायत विसरलेला नाही.

सहल कंपन्यांनी हे अचूक हेरलंय. दिवसा नायगारा दाखवायचा आणि रात्री वरणभात वाढायचा, एवढं जमलं की प्रवासी खूष. आमच्या ओळखीतलं एक जोडपं अख्खी अमेरिका पालथी घालून आलं. सगळ्यात काय आवडलं, असं विचारलं तर दोघं एका सुरात म्हणाले, लास व्हेगासला मिळालेला शिरा.

हसण्यावारी नेऊ नका, या शिऱ्यामागं परंपरा आहे. आनंदीबाई जोशी १८८३ साली कलकत्त्याहून बोटीनं निघून न्यूयॉर्कला उतरल्या आणि न्यू जर्सीतल्या रोझेल गावी कार्पेंटरबाईंच्या घरी राहिल्या. लुगडं सोडलं नाही, शाकाहारही सोडला नाही. फिलाडेल्फियाच्या थंडीत स्वतःचं अन्न स्वतः रांधत त्यांनी वैद्यकीचा अभ्यास केला. १८८६ च्या मार्चमध्ये त्यांना पदवी मिळाली, त्या समारंभासाठी पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम आल्या. रमाबाईही शाकाहारी. त्या पुढं दोन-अडीच वर्षं अमेरिकेत गावोगाव फिरल्या आणि १८८९ साली त्यांचं त्या देशावरचं मराठी पुस्तक निघालं. या दोघींना जे करावं लागलं ते सोसणं होतं. आमच्या बॅगेतला चिवडा म्हणजे नुसती हौस. एवढा फरक मान्य करून पुढं जाऊ.

मला खरी फूस लावली ती एका ब्रिटिश प्रवाशानं. चार्ल्स डिकन्स १८४२ साली अमेरिकेची शहरं बघायला गेला आणि परतल्यावर 'अमेरिकन नोट्स' लिहून त्यानं अमेरिकनांचा रोष ओढवून घेतला. वय तिशीचं, बरोबर बायको, आणि स्थळदर्शनाची यादी अशी की आजचा टूर मॅनेजर चक्कर येऊन पडेल. अंधशाळा, वेड्यांचं इस्पितळ, फिलाडेल्फियाचा तुरुंग! जेवणाबद्दल त्याचं म्हणणं असं, की ही माणसं एका टेबलावर बसून एकमेकांशी अवाक्षर न बोलता भराभर गिळतात आणि उठून जातात. सगळ्यात जास्त चिडला तो वॉशिंग्टनमध्ये, तंबाखूच्या पिचकाऱ्यांवर. कोर्टात, इस्पितळात, सरकारी कचेऱ्यांत, जिथं जावं तिथं थुंकणं चाललेलं. हे वाचलं तेव्हा मला हा माणूस एकदम आपला वाटला. आमच्या जिन्याच्या कोपऱ्यात देवादिकांच्या फरशा का बसवल्यात, हे त्याला समजावून सांगावं लागलं नसतं. अमेरिकेनं तंबाखूच्या पिचकाऱ्या सोडल्याला जमाना झाला. आम्ही ती परंपरा सांभाळून ठेवली आहे.

तर ठरवलं असं, की तिकडच्या शहरांत जायचं आणि तिकडचंच खायचं. हिनं एकच अट घातली, "गाईचं सोडून." मी म्हटलं, मान्य.

पुतण्या न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. तिथल्या ओक ट्री रोडबद्दल फार लिहिण्यात अर्थ नाही. भायखळ्याच्या मंडईत मिळतं ते सगळं तिथं मिळतं, फक्त कोथिंबीर फुकट मागितली तर दुकानदार ओळख दाखवत नाही. न्यूयॉर्कला मात्र खाण्याचा खरा कार्यक्रम सुरू झाला आणि माझ्या एक गोष्ट लक्षात आली. मार्गदर्शक पुस्तकं ज्याला या शहराचं खाणं म्हणतात, ते सगळं उभ्यानं खायचं. हॉट डॉग उभ्यानं, प्रेट्झेल उभ्यानं, पिझ्झ्याचा त्रिकोण मधोमध दुमडून तोही चालता चालता. ही वैतागून म्हणाली, "बसून खायचं काही नाही का हो या गावात?"

बसून खायचंही आहे, पण त्यासाठी न्यूयॉर्कची ख्याती नाही. ख्याती झाली ती घाईत असलेल्या, खिशात सुटे पैसे असलेल्या माणसांच्या खाण्याची. १९०५ पासून लोंबार्डी नावाच्या इटालियन माणसाच्या दुकानात पिझ्झा विकला जायचा, तो आसपासच्या कामकरी इटालियनांना. नेथन हँडवेर्कर हा पोलंडहून आलेला ज्यू. त्यानं १९१६ मध्ये कोनी आयलंडच्या चौपाटीवर पाच सेंटला हॉट डॉग विकायला सुरुवात केली, कारण शेजारचा दहा सेंटला विकत होता. उद्या शहरात नाव व्हावं म्हणून कुणी हे पदार्थ केले नाहीत. दुपारच्या सुट्टीत पोट भरावं एवढाच हेतू. आज त्याच दुकानांसमोर जगभरची माणसं फोटो काढत रांगेत उभी असतात, आणि बिलावर बक्षिसी किती टाकायची याची आकडेमोड करतात. बैठ्या हॉटेलात ही बक्षिसी अठरा ते वीस टक्के. ही पहिल्या दिवशी म्हणाली, "एवढ्यात आपल्याकडं आणखी एक थाळी आली असती." नंतर तिनं हिशेब करणं सोडून दिलं. मी अजून करतो.

लोअर ईस्ट साइडला ९७ ऑर्चर्ड स्ट्रीट नावाची एक पाच मजली जुनी इमारत आहे. १८६३ सालची. तिथं टेनेमेंट म्युझियम आहे, १९८८ मध्ये स्थापन झालेलं. पुतण्यानं ऑनलाइन तिकिटं काढली होती आणि ती स्वस्त नव्हती. वाटाड्या मुलगी आम्हाला आत घेऊन गेली. अंधारा जिना. लाकडी कठडा हातांनी घासून गुळगुळीत झालेला. वर तीन खणांचं बिऱ्हाड. पुढं उजेडाची खोली, मध्ये स्वयंपाक, मागं बिनखिडकीची झोपायची खोली. तिनं आवाज खाली आणून सांगितलं, या सव्वातीनशे चौरस फुटांत एक अख्खं कुटुंब राहायचं, शिवाय भाडेकरू ठेवायचं. संडास सामायिक. पाणी भरून आणायचं. सत्तर-बाहत्तर वर्षांत या एका इमारतीत सुमारे सात हजार माणसं राहून गेली. आमच्याबरोबरची मंडळी हळहळली. ओहायोहून आलेल्या एका बाईंनी डोळे पुसले.

मी आणि ही एकमेकांकडं बघत होतो. सव्वातीनशे! शिवाय तीन खण! घोडपदेवला न्यू हिंद मिलच्या जागेवर म्हाडानं गिरणी कामगारांसाठी इमारती बांधल्या; सोडतीत लागलेली ही घरं सव्वादोनशे चौरस फुटांची. ती लागली तेव्हा लोकांनी पेढे वाटले होते, आणि योग्यच केलं, कारण त्याआधी दहा बाय बाराच्या खोलीत दोन पिढ्या काढलेल्या. हिनं त्या मुलीला शांतपणे विचारलं, "खोलीला वेगळी मोरी होती का?" मुलगी गोंधळली. मी भाषांतराच्या भानगडीत पडलो नाही.

पण खरं सांगायचं तर त्या मुलीनं ज्या आस्थेनं ते घर दाखवलं, ती आस्था मला आवडली. भिंतीवरचे कागदाचे थर एकावर एक जपून ठेवलेले. कुठल्या खोलीत कोण राहत होतं, कुणाचा नवरा परागंदा झाला, कुणी शिलाईवर पोरं वाढवली, सगळं जुन्या नोंदींतून शोधून काढलेलं. चाळीतल्या माणसाला आपण कधी कुणाच्या अभ्यासाचा विषय होऊ असं वाटत नाही. आमच्याकडं चाळ पाडतात तेव्हा शेवटच्या दिवशी पूजा घालतात, तेवढीच नोंद.

वॉशिंग्टन आणि नायगारा यांबद्दल मला सांगण्यासारखं काही नाही. दोन्ही भव्य आहेत, दोन्हीचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले आहेत.

फिलाडेल्फियाला तडा गेलेली ती प्रसिद्ध स्वातंत्र्याची घंटा बघितली आणि मग चीजस्टेक. पॅट ऑलिव्हिएरी नावाचा हॉट डॉग विकणारा. १९३० मध्ये एक दिवस त्यानं स्वतःच्या जेवणासाठी पावात गोमांसाचे पातळ काप आणि कांदा परतून घातला, तेवढ्यात एक टॅक्सीवाला वासावर आला आणि मला हेच दे म्हणाला, अशी तिथली कथा आहे. त्याच्या दुकानाच्या अगदी समोर दुसरं दुकान आहे, जिनोजचं, १९६६ सालचं. दोघांची चुरस हाच आता प्रेक्षणीय भाग. १९६६ हा आकडा मला तिथं उभ्या उभ्या टोचला, कारण दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्यांनी वडापावची गाडी लावली ती त्याच वर्षी, असं मानतात. तोही पाव, तोही घाईतल्या माणसासाठी, पाळीवर जाणाऱ्या गिरणी कामगारासाठी. रांगेत पाळी आली की चीज कुठलं आणि कांदा हवा की नको, एवढंच दोन शब्दांत सांगायचं; लांबण लावणाऱ्याकडं मागचे लोक रागानं बघतात. दादरचा वडेवाला "सुकी की ओली" विचारतो तेव्हा आपण निबंध सांगत नाही, तेच इथं. हिच्या अटीमुळं आम्ही चिकनचा घेतला. चांगला होता. हिनं पर्समधून लसणीच्या चटणीची पुडी काढून वर भुरभुरली, तेव्हा आणखी चांगला झाला.

बॉस्टनला गेल्यावर मला वाटलं, आता आपला मुलूख आला. समुद्राकाठचं गाव, मासळीचं गाव. भाऊच्या धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर वाढलेल्या माणसाला इथं काय शिकवणार? युनियन ऑयस्टर हाउस १८२६ पासून अखंड चालू आहे. तिथं कालवं कच्ची खातात, लिंबू पिळून. ते ठीक. शेवंड एके काळी तिकडं इतकी मुबलक होती की नोकराचाकरांच्या ताटात जायची. आता मेन्यूकार्डावर तिच्यापुढं आकडा लिहायलाही हॉटेलवाले धजत नाहीत, नुसतं 'बाजारभाव' छापतात. तेही ठीक. पण क्लॅम चाउडर समोर आलं आणि ही खुर्चीवरून अर्धी उठली. तिसऱ्या! दुधात! त्यात बटाटा! मासळी आणि दूध एकत्र खाल्लं की अंगावर पांढरे डाग येतात, हे आमच्याकडं शाळेत जायच्या आधी शिकवतात. समोरच्या टेबलावर एक गोरे आजोबा ते शांतपणे चमच्यानं खात होते. ही माझ्या कानाशी म्हणाली, "बघा, आलेच ना?" मी दोन वाट्या खाल्ल्या. अजून तरी डाग नाहीत.

आता ज्या गावासाठी हा सगळा खटाटोप केला, ते. बॉस्टनच्या नॉर्थ स्टेशनवरून लोकलनं पाऊण तासात लॉवेल येतं. पुतण्या म्हणाला, "काका, तिथं कोणी जात नाही." मी म्हटलं, डिकन्स गेला होता. लॉवेल म्हणजे अमेरिकेचं गिरणगाव. फ्रान्सिस कॅबट लॉवेल नावाचा बॉस्टनचा व्यापारी १८१० च्या सुमारास इंग्लंडला गेला, तिथल्या गिरण्या पाहून यंत्रमाग डोक्यात साठवून आला आणि अमेरिकेत एका कारागिराच्या मदतीनं तो पुन्हा घडवला. इंग्रज आपली यंत्रं बाहेर जाऊ देत नसत, म्हणून ही युक्ती. त्याच्या पश्चात त्याचं नाव दिलेलं हे गाव मेरिमॅक नदीच्या धबधब्यावर, कालवे खणून वसवलं. गिरण्यांत कामाला आसपासच्या शेतकऱ्यांच्या मुली. दिवसाचे बारा-तेरा तास काम, घंटेवर उठायचं, घंटेवर जेवायचं. डिकन्सनं इथं वेड्यांचं इस्पितळ शोधलं नाही. या मुलींच्या वसतिगृहात पियानो आहे, त्या वाचनालयाची वर्गणी भरतात आणि स्वतःचं मासिक काढतात, हे पाहून तो चाट पडला. मासिकाचं नाव 'लॉवेल ऑफरिंग'. त्याच मुलींनी १८३४ आणि १८३६ मध्ये संपही केले होते. आणि कापूस? तो दक्षिणेतल्या गुलामांनी वेचलेला. गावातल्या संग्रहालयात हे स्पष्ट लिहून ठेवलंय, लपवलेलं नाही. पुढं याच गुलामीवरून यादवी पेटली, १८६१ ते ६५ तिकडचा कापूस अडला, मँचेस्टरनं मुंबईचा कापूस वाटेल त्या भावानं उचलला आणि आमच्या शहरात सोन्याचा धूर निघाला. गिरणगावाच्या भांडवलात त्या धुराचाही वाटा. म्हणजे लॉवेल आणि घोडपदेव यांचं नातं माझ्या तिथं जाण्यानं जुळलेलं नाही.

वसतिगृहाचं एक स्वयंपाकघर आणि जेवणघर तिथं जसंच्या तसं उभं केलंय. लांब टेबल, ताटल्या मांडलेल्या. चालवणारी बहुधा विधवा बाई, भाडं आणि जेवणाचे पैसे मजुरीतून कापलेले, जेवायला अर्धा तास, एका पलंगावर दोघी. हिची आईही गिरणी कामगारांची खानावळ चालवायची. बारा-पंधरा गडी, कोण सातारचे, कोण जुन्नरचे, कोण कोकणातले. पाळीप्रमाणं जेवायला यायचे आणि एकाच गाळ्यात पाळीप्रमाणं झोपायचे. एक पाळीला गेला की त्याच्या वळकटीवर दुसरा. पगार झाला की पैसे, संप झाला की उधारी. सावकाराच्या व्याजात बुडालेल्या अशा खानावळवाल्या बायकांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. ही त्या टेबलाशी बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, "ताटल्या फार लांब लांब मांडल्यात. एवढी जागा कुठली मिळायला?" मी तिच्याशी सहमत आहे.

लॉवेलच्या बूट मिलमध्ये साचेखातं आहे. अठ्ठ्याऐंशी साचे, म्हणजे माग, ओळीनं, आणि त्यातले काही खरोखर चालवतात. जमीन तळपायाखाली थरथरते. धोटा इकडून तिकडं फेकला जातो तो डोळ्याला दिसतच नाही, ऐकू येतो. शेजारचा माणूस काय बोलतो ते कळत नाही, ओठ वाचावे लागतात. माझे वडील चार साच्यांवर होते. घरी ते साधं पाणी मागायचे तेही ओरडून, आणि लहानपणी मला वाटायचं, रागावले. धोट्याच्या भोकातून सूत तोंडानं ओढून घ्यायचे विणकर, त्याच्याबरोबर तूसही आत जायचं आणि एकाच्या तोंडचा क्षय दुसऱ्याच्या तोंडी. हेही तिथं सांगतात. हॅटवाला सरकारी वाटाड्या सांगत होता, ही गिरणी विसाव्या शतकाच्या मध्याला बंद पडली, काम दक्षिणेकडं गेलं. १९७८ मध्ये अमेरिकेच्या संसदेनं ही जागा राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर केली. १९७८ मध्ये आमच्या गिरण्यांचे भोंगे अजून वाजत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख माणसं बाहेर पडली, आणि पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलमध्ये वस्त्रोद्योगाचं संग्रहालय व्हायचं ठरूनही बरीच वर्षं झाली.

त्या साच्यांवर विणलेलं कापड तिथल्या दुकानात विकायला असतं. स्वयंपाकघरात हात पुसायचे टॉवेल. हिनं एक घेतला, पोत दोन बोटांत चोळून बघितला, आणि गिरणीवाल्याची सून म्हणून निकाल दिला, "सूत जाडं आहे. पण रंग जाणार नाही."

तेव्हा बॉस्टनला गेलात तर चाउडर खा किंवा नका खाऊ, पण लॉवेलची गाडी जरूर पकडा. साचेखात्याच्या दाराशी कानात घालायचे बोळे मिळतात. घरातलं कुणी गिरणीत कामाला असेल, तर निदान पहिली पाच मिनिटं ते घालू नका.